एकच आवाज आणि ऐकणारा समाज

(संस्थेच्या कडेगाव येथील वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली. हुकूमशहांचा जयजयकार करणारी सरकारी प्रसारणे आणि त्यांच्याकडे बाहेरचे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हा विषय आम्ही घेतला. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी याच रोगाबद्दल आपल्याला दोनदा जाहीरपणे सावध केले आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. त्यावर उत्तर कोरियाच्या दूरदर्शनची चित्रफीत केव्हा ना केव्हा आपण पाहिलेली असते. गुलाबी पोशाखातली निवेदिका थरथरत्या आवाजात नेत्याचे गुणगान करते. डिसेंबर २०११ मध्ये किम जोंग इल यांचा मृत्यू झाला तेव्हा रस्त्यावर छाती पिटून रडणारी हजारो माणसे जगाने पाहिली. आपण ते पाहतो, हसतो आणि पुढच्या माणसाला पाठवून देतो. परंतु त्या देशात रेडिओ सरकारी केंद्रावरच बांधून दिलेला असतो. सुई फिरवून दुसरे केंद्र लावता येत नाही. ज्याला दुसरा आवाज कधी ऐकूच आला नाही त्याच्या रडण्यात खरे किती आणि भीतीपोटी किती, हे बाहेरच्याने कसे ठरवायचे?

ही विद्या जुनी आहे. जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी त्याच्या राजवटीने ‘जनतेचा रेडिओ’ नावाचा स्वस्त संच बाजारात आणला. किंमत ७६ मार्क. गरिबाच्या घरी रेडिओ आला, ही गोष्ट वरकरणी चांगलीच होती. पण तो घरोघर पोहोचवण्याचा हेतू हिटलरचे भाषण स्वयंपाकघरापर्यंत नेण्याचा होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरला. म्हणजे आधी कान दिला आणि मग त्या कानाला कुलूप लावले.

आता बाहेरच्यांचे काय? बाहेरचे लोक दोन प्रकारे फसतात. पहिला प्रकार भुलणाऱ्यांचा. ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज १९३६ साली हिटलरला भेटून आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात त्याची भरभरून स्तुती केली. कामाला लागलेली माणसे आणि शिस्तीचे संचलन त्यांनी पाहिले. तुरुंगाची भिंत त्यांना कोणी दाखवली नाही. पाहुण्याला ओसरी दाखवतात, उकिरडा दाखवत नाहीत, ही आपल्या खेड्यातलीच रीत आहे.

दुसरा प्रकार हसणाऱ्यांचा. चार्ली चॅप्लिनने १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’ हा चित्रपट काढून हिटलरची टर उडवली. धाडसाचेच काम होते ते. परंतु छळछावण्यांतील भीषणता तेव्हा ठाऊक असती तर आपण त्या वेडावर असे हसू शकलो नसतो, अशा अर्थाचे त्यानेच पुढे आत्मचरित्रात लिहिले. हसल्याने हुकूमशहा लहान होतो हे खरे. पण हसणाऱ्याला, ‘हे वेड त्यांच्याकडे असते, आपल्याकडे नसते,’ असेही वाटू लागते. आमच्या मते खरा धोका तिथे आहे.

बंधू-भगिनींनो, ते आपल्याकडे नसते का? आमचा जन्म आणीबाणीनंतरचा. परंतु पुस्तकांतून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून जे समजले ते नव्या पिढीला सांगणे आम्हाला कर्तव्य वाटते.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. त्या रात्री दिल्लीतील अनेक वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. वर्तमानपत्र मुके झाले आणि रेडिओ बोलू लागला. पुढचे एकवीस महिने हेच चालले. एक लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी किंवा आणीबाणीच्या कायद्यांखाली तुरुंगात गेली, पण बातम्यांत होती ती शिस्त आणि वीस कलमी कार्यक्रम. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजेच भारत, असे समीकरण मांडले. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था केली गेली. सरकारी प्रचाराला सहकार्य दिले नाही म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला. बाहेरचा साक्षीदार नको, हा त्यामागचा हिशेब होता. आपल्याच देशाची बातमी ऐकायला माणसे रात्री बीबीसी लावून बसू लागली. तेव्हा परदेशात आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील? आज आपण ज्या नजरेने दुसऱ्यांकडे पाहतो त्याच नजरेने!

या काळातली एक घटना आपल्या शेजारची आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. आजच्या आपल्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते आणि ते संमेलनात उपस्थित होते. अशा सभेत दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. एका बाईचा आवाज, त्याला ना ट्रान्समीटर ना मनोरा. परंतु पन्नास वर्षांनंतर महाराष्ट्राला आठवतो तो आवाज. त्या काळातली सरकारी निवेदने कोणाला आठवतात?

येथे न्यायाने बोलले पाहिजे. त्या प्रचारात सारे खोटेच होते असे नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत, म्हणून आमच्या क्षेत्रातले उदाहरण देतो. लहान शेतकरी, शेतमजूर आणि कारागीर यांना कर्ज मिळावे म्हणून पहिल्या पाच ग्रामीण बँका २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे ऐन आणीबाणीत सुरू झाल्या. वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही १९७६ चा. सावकाराच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून आशा वाटली तर त्यात नवल नाही. दलित चळवळीतील काही नेत्यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. नामदेव ढसाळांसारख्या बंडखोर कवीने इंदिराजींवर ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. ज्याला गावाने कधी काही दिले नाही, त्याला दिल्लीहून काही देऊ असे म्हणणारा आवाज आपला वाटतो, हे आधी समजून घ्यावे.

परंतु जमेची बाजू वाचून दाखवणारा रेडिओ नावेची बाजू वाचत नव्हता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सक्ती किती झाली आणि ती कोणावर झाली, हे पुढे शाह आयोगापुढे आले. सक्तीचा सर्वाधिक भार पडला तो गरिबांवर. ज्याच्यासाठी कार्यक्रम म्हणून सांगितला जात होता त्याचीच किंकाळी प्रसारणात नव्हती. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक असतो आणि पास करणारा दुसरा. लिहिणारा प्रामाणिक असला तरी हा नियम मोडत नाहीत, कारण नियम माणसाच्या चांगुलपणावर उभा नसतो. देशाच्या हिशेबाला हा नियम नको का?

प्रचाराचा शेवटही पाहण्यासारखा असतो. २१ डिसेंबर १९८९ रोजी रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू सज्जात उभा राहून भाषण करत होता आणि दूरदर्शन ते थेट दाखवत होते. टाळ्यांऐवजी गर्दीतून आरोळ्या उठल्या, तो गोंधळला आणि प्रसारण तोडावे लागले. चार दिवसांत त्याची राजवट आणि तो स्वतः, दोन्ही संपले. आपल्याकडे फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत विरोधकांच्या सभेच्या दिवशी दूरदर्शनने ‘बॉबी’ चित्रपट दाखवला. लोक चित्रपट सोडून सभेला गेले. मार्चमध्ये मतपेटीने निकाल दिला. रुमानियात रक्त सांडावे लागले, आपल्याकडे शिक्का पुरला. हे घडले ते बाबासाहेबांनी प्रत्येकाच्या हाती दिलेल्या एका मताच्या बळावर.

आता बाबासाहेबांच्या इशाऱ्याकडे येऊ. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, तो आता धंदा झाला आणि पत्रे आपापल्या नायकाचा ढोल बडवू लागली, असा त्यांचा आशय होता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की धर्मात भक्ती कदाचित मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. कितीही थोर पुरुष असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नये. कृतज्ञतेलाही मर्यादा असते. आणीबाणी यायला तेव्हा पंचवीस वर्षांहून अधिक अवकाश होता!

बाबासाहेबांना हे इतके स्पष्ट दिसले याचे एक कारण आम्हाला असे वाटते. आपला समाज गावकुसाबाहेर राहिला. गावातल्या जयजयकाराचा आवाज आपल्यापर्यंत यायचा, पण पंगतीत आपल्याला पान नसायचे. बाहेर ठेवलेल्या माणसाला ढोल ऐकू येतो आणि ढोल आतून पोकळ असतो हेही दिसते. ही बाहेरची नजर आपल्याला फार मोठी किंमत देऊन मिळालेली आहे. ती गमावता कामा नये.

आज काय परिस्थिती आहे? आणीबाणीतील गैरवापरावर १९७७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, वर्गीज समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. खाजगी वाहिन्या शेकड्यांनी आल्या. पण आवाजांची संख्या वाढली म्हणजे मते वाढली असे नव्हे. शंभर कर्ण्यांतून एकच गाणे वाजले तर ते एकच गाणे. आता तर मोबाईल आपली आवड ओळखून तेच ते ऐकवतो. रेडिओची सुई सरकारने बांधली नाही तरी आपण स्वतःच ती बांधून घेतो.

म्हणून शेवटी आमच्या काही नम्र सूचना आहेत. संस्थेच्या वाचनालयात एकमेकांशी न पटणारी किमान दोन दैनिके यावीत आणि आठवड्यातून एकदा एकच बातमी दोन्हींतून वाचून दाखवावी. कोणत्याही नेत्याची स्तुती ऐकली की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: हे कोण सांगतो? त्याला याचा लाभ काय? आणि ज्याच्यावर हे बेतले तो काय म्हणतो? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आणि हे प्रश्न फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी नाहीत. जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात आणि वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्याचा मधोमध, असे आपल्याही वस्त्यांत दिसते. ढोल आपला असला तरी तो ढोलच.

या सूचना कमिटीने वर्षभर राबवून पाहाव्यात आणि पुढल्या वर्षी याच व्यासपीठावर त्यांचा हिशेब मांडावा, लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा ठेवून. 

नमो बुद्धाय! जय भीम!