रेकॉर्ड कुणाकडे अडकलंय?



अध्यक्षानं आपल्या क्षेत्राचं भवितव्य सांगायचं, अशी प्रथा आहे. ती मी आज पाळणार नाही. मल्टिव्हॅल्यू डेटाबेसचं भवितव्य दर परिषदेत सांगितलं जातं, बहुतेकदा मृत्युलेखाच्या सुरात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे त्याच सिस्टिमवर लॉगिन करतो. मला बोलायचं आहे ते सपोर्टच्या फोनवर येणाऱ्या एका वाक्याबद्दल : "सिस्टिम हँग झाली आहे." अशा कित्येक तक्रारींच्या वेळी सिस्टिम ठणठणीत असते. प्रोसेसर रिकामा असतो, डिस्क निवांत असते. एक माणूस दुसऱ्या माणसाची वाट बघत असतो, एवढंच; आणि त्या दुसऱ्याला त्याची गंधवार्ता नसते.

इतिहासात मी फार शिरत नाही, पण एक धागा तिथूनच येतो. १९६५ च्या सुमारास टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीत डॉन नेल्सन आणि डिक पिक यांनी जे काम हाती घेतलं, ते होतं लष्कराच्या शायन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांच्या नोंदी ठेवण्याचं. हेलिकॉप्टरचा प्रकल्प १९७२ साली रद्द झाला. नोंदी ठेवायची पद्धत मात्र टिकली. मायक्रोडेटाच्या रिअ‍ॅलिटीतून ती बाजारात आली आणि पुढे यूनिव्हर्स, यूनिडेटा, डी-थ्री, जेबेस अशी तिची घराणी झाली. यूनिव्हर्स आणि यूनिडेटा २००१ साली इन्फॉर्मिक्सबरोबर आयबीएमकडे गेले, २००९ साली रॉकेटकडे. मालक बदलत गेले, रचना तीच राहिली : एका व्यवहाराशी संबंधित सगळं एकाच रेकॉर्डमध्ये. ऑर्डर एक, तिच्यातल्या मालाच्या वीस ओळी त्याच रेकॉर्डच्या पोटात, व्हॅल्यू मार्कांनी वेगळ्या केलेल्या. रिलेशनलवाले ज्यासाठी दोन-तीन टेबलं जोडत बसतात, ते आपण डिस्कवरून एकदा वाचून मोकळे होतो. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

पण रेकॉर्ड जेवढं मोठं, तेवढा त्याच्यावरचा लॉकही मोठा. ग्राहकाच्या रेकॉर्डमध्ये नाव, पत्ता, चार फोन नंबर, उधारीची मर्यादा आणि आजची बाकी, सगळं एकत्र असेल, तर फोन नंबर बदलणारा कारकून पावती जमा करणाऱ्या कॅशियरला अडवतो. दोघांच्या कामाचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपण त्यांना एका पाकिटात घातलं म्हणून ते भांडतात. जुन्या पिक सिस्टिममध्ये तर याहून मजा होती. तिथं लॉक रेकॉर्डला नसून ग्रुपला लागायचा. हॅशिंगमध्ये ज्या ग्रुपात तुमचं रेकॉर्ड पडलं तो सगळा ग्रुप बंद, आणि केवळ योगायोगानं शेजारी पडलेला तिऱ्हाईत ग्राहकही त्यात अडकायचा. टर्मिनल बीप-बीप करत बसायचं. त्या बीपला निदान काही अर्थ होता : मी थांबलोय, कुणीतरी आत आहे. आजचा ब्राउझर गोल फिरणारं चक्र दाखवतो आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

तेव्हा पहिलं काम डिझाइनचं. जे दर मिनिटाला बदलतं आणि जे वर्षातून एकदा बदलतं, ते एका रेकॉर्डमध्ये ठेवू नका. बाकी वेगळ्या फाइलमध्ये, त्याच आयडीनं. एक वाचन वाढतं, हे खरं. ते स्वस्त पडतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्या बेसिकमध्ये रीडयू लिहिलं की रेकॉर्ड वाचलंही जातं आणि लॉकही होतं. राइट केलं की लॉक सुटतो. राइटयू केलं तर राहतो. शिकायला पाच मिनिटं लागतात आणि म्हणूनच घात होतो. पूर्वीच्या बहुतेक स्क्रीन एकाच साच्यातून निघालेल्या आहेत : आयडी विचारा, रीडयू करा, फील्ड दाखवा, ऑपरेटर काय भरतोय त्याची वाट बघा, शेवटी राइट. यात लॉक धरून ठेवलेला जवळपास सगळा वेळ ऑपरेटरचा असतो. वाचायला आणि लिहायला मशीनला काही मिलिसेकंद पुरतात. उरलेली अकरा मिनिटं तो माणूस फोनवर ग्राहकाशी पत्त्यातल्या पिनकोडवरून हुज्जत घालत असतो. किंवा चहाला गेलेला असतो. किंवा एस्केप दाबून बाहेर पडलेला असतो आणि प्रोग्रामच्या त्या वाटेवर रिलीज लिहायचं राहून गेलेलं असतं, त्यामुळे मेनूवर निवांत बसलेल्या त्या सेशनच्या खिशात अजून किल्ली आहे. किल्ली खिशात घालून माणूस गावाला जातो आणि घरचे दारात बसतात, तसं हे.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि बाकीचं भाषण त्याचाच विस्तार आहे : माणूस विचार करत असताना लॉक धरायचा नाही. रेकॉर्ड साध्या रीडनं वाचा, मूळ प्रत बाजूला ठेवा, माणसाला हवा तेवढा वेळ द्या. त्यानं सेव्ह म्हटलं की तेव्हा रीडयू करा, आत्ताचं रेकॉर्ड मघाच्या प्रतीशी ताडून बघा, जुळलं तर लिहा. नाही जुळलं तर त्याला स्पष्ट सांगा की मध्ये कुणीतरी बदल केलाय, आणि काय बदललंय तेही दाखवा. आपल्याकडे अख्खं रेकॉर्ड ही एकच स्ट्रिंग असते, म्हणून हे ताडून बघणं एका ओळीत होतं. रिलेशनलमध्ये त्यासाठी सहसा व्हर्जनचा वेगळा कॉलम ठेवतात. एवढी सोय हाताशी असून आपण ती वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

यावर ज्येष्ठांचा आक्षेप मला माहीत आहे. ऑपरेटरनं वीस ओळींची ऑर्डर टाइप केली आणि शेवटी तिला 'रेकॉर्ड बदललंय' म्हटलं, तर ती कीबोर्ड आपटेल. बरोबर आहे. जिथं असा संघर्ष वारंवार होतो तिथं आधीच लॉक घ्या, पण मग लॉक्ड क्लॉज लिहा. तो न लिहिता रीडयू केलं तर प्रोग्राम मुकाट थांबतो. लिहिला, तर स्टेटस फंक्शन लॉक कुणाकडे आहे त्याचा नंबर देतं. त्या नंबरवरून स्क्रीनवर नाव आणि विभाग दाखवता येतो. 'हे रेकॉर्ड वसुली विभागाकडे उघडं आहे' एवढी एक ओळ दिसली की ऑपरेटर तुम्हाला फोन करत नाही, वसुलीत फोन करते. सपोर्टचं निम्मं काम तिथं संपतं.

रिलीजबद्दल एक इशारा, कारण हा दोष शोधायला फार जड जातो. कंसात काही न देता नुसतं रिलीज लिहिलं तर त्या सेशनचे सगळे रेकॉर्ड लॉक सुटतात. सबरुटीन लिहिणारा सज्जन माणूस स्वतःचा पसारा आवरायला शेवटी रिलीज लिहितो आणि ज्यानं त्याला बोलावलं त्याच्या डोक्यावरचं छप्परही काढून घेतो. वरचा प्रोग्राम समजतो, रेकॉर्ड माझ्या ताब्यात आहे, ते नसतं. पुढे काय होतं ते घराण्यावर अवलंबून. दुसऱ्याचा लॉक असेल तर यूनिव्हर्समध्ये साधं राइट थांबून राहतं. यूनिडेटामध्ये ते लॉककडे बघतही नाही, सरळ लिहून मोकळं होतं. एका घराण्यातून दुसऱ्यात प्रोग्राम नेताना हा फरक लक्षात आला नाही, तर स्टॉकचे आकडे महिनाअखेरीपर्यंत चुकत राहतात आणि एररचा एकही मेसेज येत नाही.

दोन ऑर्डरींची गाठ पडणं हाही आपल्या रचनेचाच प्रकार. एका कारकुनानं आधी पाइप टाइप केला आणि मग व्हॉल्व्ह, दुसऱ्यानं आधी व्हॉल्व्ह. प्रोग्राम ओळींच्या क्रमानं स्टॉकची रेकॉर्डं लॉक करत गेला की दोघंही एकमेकांकडे बघत बसले. उपाय जुना आहे : लॉक घेण्याआधी आयडी सॉर्ट करा, सगळे एकाच क्रमानं मागतील. आणखी बोलण्यासारखं त्यात काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते नंबर देणाऱ्या कंट्रोल रेकॉर्डबद्दल. पुढचा इन्व्हॉइस नंबर एका रेकॉर्डमध्ये असतो आणि सगळ्या कंपनीला तोच हवा असतो. इन्व्हॉइसची स्क्रीन उघडताना नंबर घेऊन, सेव्ह होईपर्यंत लॉक धरून ठेवणारे प्रोग्राम आजही चालू आहेत. वाचा, एक मिळवा, लिहा, सोडा, इतकंच करायला हवं. पण इथं आपल्याकडच्या लोकांना एक अडचण खरीच आहे. सीजीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसला सलग क्रमांक लागतो, सोळा अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. आधी नंबर घेतला आणि इन्व्हॉइस अर्धवट सोडला तर मध्ये भोक पडतं आणि ऑडिटर विचारतो. मग नंबर आधी घ्यायचाच नाही. मसुद्याला अंतर्गत आयडी द्या, तो कसाही असो. कायदेशीर क्रमांक पोस्टिंगच्या क्षणी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये द्या. अकाउंटंटला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याला स्क्रीन उघडताच नंबर बघायची सवय असते. पटवायलाच हवं.

आता निष्क्रिय सेशन. यावरून आपल्या क्षेत्रात फार आरडाओरडा होतो, कारण लायसन्स सीटवर मोजलं जातं आणि प्रत्येक रिकामं सेशन पैसे खातं. म्हणून कुणीतरी फतवा काढतो : पंधरा मिनिटं कीबोर्ड हलला नाही की लॉगआउट. मला हे पटत नाही. गोदामातला माणूस माल मोजायला जातो आणि चाळीस मिनिटांनी येतो, तेव्हा तो आळशी नसतो. नुसतं बसलेलं सेशन मेमरीचा लहानसा तुकडा आणि एक सीट घेतं, दुसऱ्या कुणाचं काम अडवत नाही. अडवतं ते लॉक घेऊन बसलेलं सेशन. लिस्ट-रीडयूनं मिळणारी लॉकची यादी आणि सेशन किती वेळ गप्प आहे ती यादी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे आलेली नावं मूठभर असतात आणि बहुतेक सगळी एकाच स्क्रीनवर बसलेली आढळतात. दुरुस्त करायची ती स्क्रीन.

मेलेल्या सेशनचा प्रश्न वेगळा. पुण्यात बसून अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असेल. व्हीपीएन तुटलं, लॅपटॉप झोपला, पण सर्व्हरला कुणी कळवलं नाही. लिनक्सचं टीसीपी कीप-अलाइव्ह चालू असलं, तरी मूळ सेटिंगमध्ये ते ७,२०० सेकंद गप्प बसतं, मग दर ७५ सेकंदांनी नऊ वेळा हाक मारतं आणि तेव्हा कुठे कनेक्शन मेलं असं ठरवतं. म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. तेवढा वेळ ते भूत रेकॉर्डवर बसलेलं असतं. तुम्ही पुन्हा लॉगिन करता, तेच रेकॉर्ड मागता आणि स्वतःच्याच आधीच्या सेशनमागे रांगेत उभं राहता. हा आकडा पाच-दहा मिनिटांवर आणणं सिस्टिम अ‍ॅडमिनच्या हातात आहे, त्यासाठी डेटाबेसला हात लावावा लागत नाही. तरी किती ठिकाणी तो मूळ आकडाच असतो, हे परत गेल्यावर बघा.

आणि मग किल मायनस नाइन. हा हात अनेकांचा फार सैल आहे. प्रोसेसला साधा सिग्नल मिळाला तर ती हातातलं लिखाण पुरं करून, लॉक सोडून जाते. नाइन मिळाला तर जागच्या जागी मरते. ती त्या क्षणी ग्रुपच्या ओव्हरफ्लोची साखळी जोडत असेल, तर साखळी तुटलेलीच राहते आणि ते पुढच्या आठवड्यात एखादा रिपोर्ट मध्येच थांबला की कळतं. शेअर्ड मेमरीतले तिचे लॉक मागून साफ करायला डीमन असतात. तुटलेली फाइल मात्र तुम्हालाच जोडावी लागते. आधी साधा सिग्नल द्या, थोडं थांबा, मग बाकीचं.

वेबवाल्यांसाठी दोन शब्द, कारण पूलमधली कनेक्शनं हा नवा गोंधळ आहे. आपल्याकडे लॉक सेशनचा असतो, माणसाचा नसतो. एका विनंतीनं लॉक घेतला आणि सोडायचं विसरली, तर ते सेशन पूलमध्ये परत जातं आणि पुढच्या अनोळखी माणसाला लॉकसकट मिळतं. त्याच्या दृष्टीनं ते रेकॉर्ड मोकळंच असतं, कारण लॉक त्याच्याच सेशनकडे आहे! दोघंही लिहितात आणि कुणीच अडत नाही. अशा ठिकाणी लॉक एका विनंतीच्या पलीकडे नेता कामा नये, आणि पूलमध्ये परत जाताना सगळे लॉक सोडलेले असले पाहिजेत. नुसत्या रिलीजची खरी जागा ती आहे.

परफॉर्मन्स म्हणजे फाइल साइझिंग, असं मानणाऱ्या पिढीतली मी आहे आणि ते अजूनही बरंचसं खरं आहे. वाढलेल्या फाइलचा मॉड्युलो दहा वर्षांपूर्वीचाच असला, तर एका रेकॉर्डसाठी ओव्हरफ्लोचे कित्येक ब्लॉक चाळावे लागतात. डायनॅमिक फाइल स्वतःला वाढवते, यूनिव्हर्समध्ये ऐंशी टक्के भरली की ग्रुप फोडते. पण अवाढव्य रेकॉर्डांपुढे तिचाही इलाज चालत नाही. हे सगळं लॉकशी जोडलेलं आहे, कारण वाचन-लेखन लांबलं की लॉकची मुदत लांबते आणि मागची रांगही. तरीसुद्धा क्रम उलटा लावू नका. आठवडाभर रिसाइझ करून मिलिसेकंद वाचवायचे आणि अकरा मिनिटांचा लॉक तसाच ठेवायचा, याला माझ्या मते परफॉर्मन्सचं काम म्हणत नाहीत.

दुपारच्या सत्रात एक विषय चर्चेला ठेवायची विनंती मी संयोजकांना केली आहे : रात्री दोन वाजता दुसऱ्याचा लॉक काढायचा अधिकार कुणाला असावा? आज तो ज्याच्याकडे रूट पासवर्ड आहे त्याला असतो. माझं मत असं, की त्या रेकॉर्डमागचा व्यवहार ज्याला कळतो त्याला विचारल्याशिवाय तो काढू नये, आणि काढला तर फाइल, आयडी, सेशन, कारण आणि काढणाऱ्याचं नाव एका फाइलमध्ये लिहिलं जावं. महिन्यानं ती फाइल उघडली की कोणती स्क्रीन पुन्हा लिहायची, ते वेगळं शोधावं लागणार नाही. बँकांत दिवसअखेरीची कामं बघणारे काही जण इथं आहेत. मध्यरात्री कुणाला विचारत बसायला वेळ नसतो, असं ते म्हणतील. त्यांनी ते जरूर म्हणावं, आणि आकड्यांसकट म्हणावं.