मोझांबिक बेटावरची दोन गावं

मोझांबिक देशाला ज्या बेटावरून नाव मिळालं, ते बेट लांबीला जेमतेम ३ किलोमीटर आहे आणि रुंदीला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. नामपुला शहरातून सुमारे १८० किलोमीटर आलं की समुद्रावरचा अरुंद, लांबलचक पूल लागतो. समोरून गाडी आली तर बाजूला थांबायला त्यावर ठिकठिकाणी जागा ठेवल्या आहेत. हा पूल १९६० च्या दशकातला. त्याआधी सगळी ये-जा होड्यांनी.

मार्च १४९८ मध्ये वास्को द गामा इथे पोचला, तेव्हा हे स्वाहिली आणि अरब व्यापाऱ्यांचं नांदतं बंदर होतं. पोर्तुगीजांना ते हवं होतं वाऱ्यापायी. लिस्बनहून भारताकडे निघालेल्या जहाजाला उशीर झाला की नैर्ऋत्य मोसमी वारा हुकायचा आणि पुढच्या हंगामापर्यंत इथेच मुक्काम पडायचा. फ्रान्सिस झेवियर १५४१ मध्ये असाच अडकला आणि मे १५४२ मध्ये गोव्याला उतरला. पोर्तुगीज महाकवी कामोंइश भारतातून परतताना कफल्लक होऊन इथे पडून राहिला. त्याच्या त्या हलाखीची हकिगत लिहून ठेवणारा दियोगु दु कोतु पुढे गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख झाला. १७५२ पर्यंत या बेटाचा कारभारच गोव्यातून चालत होता. गोव्याचा इतिहास शिकणाऱ्याने हे बेट वगळून चालणार नाही.

उत्तर टोकाला साओ सेबास्तियांवचा किल्ला आहे. त्याचं काम १५५८ मध्ये सुरू झालं. डचांनी १६०७ आणि १६०८ मध्ये वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. बेटावर गोडं पाणी नाही. म्हणून उत्तरेकडच्या दगडी गावातल्या घरांची छपरं सपाट बांधलेली. पावसाचं पाणी त्यांवरून टाक्यांत उतरवायचं. किल्ल्याच्या टाक्यांवर पुढे गावातल्या बायाही पाणी भरू लागल्या. किल्ल्यापलीकडचं १५२२ चं छोटं चर्च हे दक्षिण गोलार्धातलं सर्वांत जुनं युरोपीय बांधकाम मानलं जातं.

पाहुणे सहसा एवढं बघून परततात.

पण दगडी गावाचा दगड आला बेटाच्या दक्षिण भागातून. तिथे प्रवाळाचा दगड काढून काढून जमीन खोल गेली आणि त्या खळग्यांतच मकुटी वस्ती वसली. मकुटी म्हणजे नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं. रस्ता वर आणि घरं खाली, इतकी की काही ठिकाणी छपरं रस्त्याच्या उंचीला येतात. पावसाळ्यात पाणी थेट दारात. बेटावरची बहुसंख्य माणसं इथेच राहतात. दगडी गावातल्या वाड्यांमागचा पैसा होता हस्तिदंताचा, दीवच्या वाण्यांनी आणलेल्या कापडाचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. ब्राझील आणि हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर इथून माणसं विकली गेली. १८९८ मध्ये राजधानी दक्षिणेला, आजच्या मापुतोला हलली आणि वाडे ओस पडत गेले; मकुटी मात्र भरलेलीच राहिली.

युनेस्कोने १९९१ मध्ये बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो दोन्ही गावांना मिळून. मार्च २०२२ मध्ये गोम्बे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मकुटीतल्या घरांची मोठी हानी झाली. आपल्याकडून कोणी तिकडे गेलं, तर त्यांनी किल्ला जरूर पाहावा. पण दुसरी सकाळ मकुटीसाठी राखावी, तिथलाच वाटाड्या घ्यावा, फोटो विचारून काढावेत आणि जेवणखाणाचे पैसे त्याच वस्तीत खर्च करावेत.