हृदयविकार : वारसा आणि प्रयत्न

(पवनार येथे ग्रामस्थांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



“डॉक्टरसाहेब, वडील याच दुखण्याने गेले, थोरले भाऊही गेले. आमच्या घराण्यातच आहे. तपासून काय होणार?” हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडतो. त्यात दुःख आहे आणि हताशाही आहे. त्याचे उत्तर देणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

वारसा दोन प्रकारे येतो. पहिल्या प्रकारात एकाच जनुकात मोठा दोष असतो. यकृताच्या पेशी रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसे उचलू शकत नाहीत आणि ते जन्मापासूनच वाढलेले राहते. या विकाराचे कोडे उलगडणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंदाजे २५० व्यक्तींमागे एकीस हा विकार असतो व तिच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दुसऱ्या प्रकारात असंख्य लहान जनुकीय भेद असतात. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर असा एक भेद आढळला. तो कोलेस्टेरॉल अथवा रक्तदाब न वाढविताही धोका वाढवितो. असे भेद एकेकटे दुर्बल असतात. मात्र एकत्र आल्यास त्यांचा भार जाणवतो.

तथापि, वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचावन्न हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांचाही विचार झाला. त्यांच्यापैकी धूम्रपान टाळणे, वजन आटोक्यात राखणे, नियमित व्यायाम व योग्य आहार ही पथ्ये पाळणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण ती न पाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकांचा होता, हे खरे. परंतु ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या २००७ सालच्या विश्लेषणानुसार दक्षिण आशियात पहिला झटका साधारणतः ५३व्या वर्षी, तर अन्यत्र ५९व्या वर्षाच्या सुमारास येतो. आणि या तफावतीचे मुख्य कारण म्हणजे धोक्याचे घटक आपल्याकडे तरुणपणीच बळावलेले असतात.

म्हणून विनंती अशी की, वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, अथवा आई वा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असल्यास घरातील सर्वांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. एलडीएल १९० वा अधिक आढळल्यास मुलांचीही तपासणी करावी. सुरू केलेले औषध बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. खर्रा आणि विडी आजच सोडावी. चालण्याचे महत्त्व तर या गावास निराळे सांगायला नको. १९५१ साली विनोबा येथूनच पायी दिल्लीस निघाले होते.

वडिलांकडून आलेले जनुक आपण निवडलेले नसते. परंतु ते वेळीच ओळखले, तर पुढच्या पिढीचे अकाली मरण टाळण्याची संधी आपल्या हाती राहते. ती दवडू नये, एवढेच आग्रहाने सांगून मी आपली रजा घेतो.