पेटी घराणे आणि त्याच्या गाड्या

१९६८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यामधल्या लेव्हल क्रॉस या लहानशा गावातून एक बातमी बाहेर पडली आणि मोटारींच्या शर्यतींचा नाद असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत एकच खळबळ उडाली. रिचर्ड पेटी हा विख्यात शर्यतपटू प्लिमथ गाडी सोडून पुढील वर्षी फोर्ड गाडी चालविणार, एवढीच ती बातमी होती. परक्या माणसाला यात विशेष काही दिसू नये. मोटार म्हणजे अखेर एक यंत्र. आज हे, उद्या ते. परंतु ज्या खेळात ही घटना घडली त्या खेळाचे मूळच गाडीच्या नावात आहे. नामवंत गवयाने ऐन उमेदीत आपले घराणे सोडून प्रतिस्पर्धी घराण्याचा गंडा बांधावा, त्यातलाच हा प्रकार होता. (या कुटुंबाच्या नावाचा आपल्याकडील बाजाच्या पेटीशी काही संबंध नाही, हे जाता जाता सांगून ठेवलेले बरे.)

या शर्यतींना ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल. बाजारात जी गाडी कोणीही पैसे मोजून विकत घेऊ शकतो, तीच शर्यतीत धावावी, अशी यामागची मूळ कल्पना. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स याने काही मंडळींची बैठक भरविली. तीतून ‘नॅस्कार’ ही संस्था जन्मास आली, आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या मार्गावर अस्सल बाजारी गाड्यांची पहिली शर्यत झाली. रिचर्डचा बाप ली पेटी त्या शर्यतीत होता. त्याने एका स्नेह्याची भली थोरली ब्युइक गाडी मागून आणली होती आणि ती त्याने शर्यतीत उलथून टाकली. मोठ्या, जड गाडीच्या वाटेला पुन्हा जायचे नाही, हा धडा घेऊन त्याने हलकी, साधी आणि स्वस्त प्लिमथ घेतली, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गजवळ आपली पहिली शर्यत जिंकली.

ली पेटी हा व्यवहारी मनुष्य होता. शर्यत हा त्याचा षोक नव्हता. तो त्याचा उदीम होता. १९५४ साली क्रायस्लर गाडीतून त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे डॉज आली, मग ओल्ड्समोबिल आली. फेब्रुवारी १९५९ मध्ये डेटोनाच्या नव्या अडीच मैलांच्या मार्गावर पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली, तिचा जेता ली पेटीच होता. निकाल इतका निसटता होता की छायाचित्रे तपासून तो जाहीर करण्यास तीन दिवस लागले. ही शर्यत त्याने ओल्ड्समोबिलमधून जिंकली आणि त्याच वर्षी तो पुन्हा प्लिमथकडे वळला. बापाच्या काळी गाडी बदलणे हे असे बैल बदलण्याइतके साधे होते. चालेल ती ठेवावी, थकेल ती सोडावी. ली पेटीने अशी अनेकदा गाडी बदलली आणि कोणी त्याची फारशी चर्चा केली नाही. मुलाच्या वेळी मात्र एवढा गहजब झाला. तो का, हे पाहण्यासारखे आहे.

मधल्या दहा वर्षांत खेळात पैसा शिरला होता. रविवारी जी गाडी जिंकते ती सोमवारी खपते, हा डेट्रॉइटच्या कारखानदारांचा सिद्धान्त बनला होता. १९६४ साली क्रायस्लर कंपनीने ‘हेमी’ नावाचे सुमारे सात लिटर क्षमतेचे प्रचंड इंजिन शर्यतीत उतरविले आणि प्लिमथमध्ये बसलेल्या रिचर्डने त्याच्या बळावर डेटोना येथील दोनशे फेऱ्यांपैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखून शर्यत जिंकली. दुसऱ्या वर्षी नॅस्कारने नियम बदलून त्या इंजिनास बंदी केली, तेव्हा क्रायस्लरने शर्यतींवर बहिष्कार टाकला. देशाचा अजिंक्यवीर रिचर्ड घरी बसला. नव्हे, त्याला अल्प अंतराच्या सरळ शर्यतींकडे वळावे लागले, आणि तेथे जॉर्जियात त्याची गाडी प्रेक्षकांत घुसून एक आठ वर्षांचा मुलगा प्राणास मुकला. कारखानदार आणि संस्था यांच्या भांडणात चालकाला आवाज नसतो, हे पेटी कुटुंबाला त्या वर्षी फार महागात पडून कळले.

त्यानंतर १९६७ साल उजाडले. त्या वर्षी रिचर्डने ४८ शर्यतींत भाग घेतला आणि २७ जिंकल्या. त्यांतल्या दहा ओळीने. असा पराक्रम त्यापूर्वी झाला नव्हता आणि पुढेही झालेला नाही. लोक त्याला ‘राजा’ म्हणू लागले. गाडीचा तो विशिष्ट फिकट निळा रंग ‘पेटी निळा’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि ४३ हा आकडा प्लिमथ या नावाशी जणू जोडाक्षरासारखा लिहिला जाऊ लागला.

पण याच यशात अडचणीचे बीज होते. त्या २७ विजयांपैकी बहुतेक लहान मार्गांवरचे होते. अर्ध्या मैलाच्या मार्गावर गाडीचा वेग बेताचा असतो. तेथे वळण घेण्याचे कसब, ब्रेक आणि इंजिनाची ओढ यांवर काम भागते. डेटोनासारख्या मोठ्या, उंच उताराच्या वळणांच्या मार्गावर गाडी ताशी १८० मैलांवर जाते, आणि तेथे खरा शत्रू शेजारची गाडी नसून समोरची हवा असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाला भेदून जाण्यास लागणारी शक्ती आठपट. म्हणजे इंजिनात पन्नास-शंभर अश्वशक्ती वाढविण्यापेक्षा गाडीचे नाकाड थोडे निमुळते केलेले अधिक फळते. १९६८ साली फोर्ड आणि तिची भगिनी मर्क्युरी यांनी पाठीकडे सपाट उतरत जाणाऱ्या छपराच्या नव्या गाड्या आणल्या. प्लिमथची गाडी मात्र खोक्यासारखी चौकोनी होती. त्या वर्षी डेटोना येथे पेटीच्या गाडीच्या छपरावर काळे खडबडीत आवरण घातलेले दिसले. हवा कापण्याची ती युक्ती असावी असा बोभाटा झाला. शर्यत चालू असतानाच ते आवरण सुटू लागले! शर्यत मर्क्युरीने जिंकली आणि वर्षअखेर अजिंक्यपद फोर्डवाल्या डेव्हिड पिअर्सनकडे गेले. रिचर्डने त्या वर्षीही सोळा शर्यती जिंकल्या, पण मोठ्या बक्षिसांच्या मोठ्या मार्गांवर तो मागे पडत होता.

क्रायस्लरच्याच घरात उपाय होता. डॉज ही तिची दुसरी शाखा १९६९ साठी ‘चार्जर ५००’ नावाची अधिक गुळगुळीत गाडी काढीत होती. रिचर्डने ती मागितली. कंपनीने नकार दिला. तुम्ही प्लिमथचे, प्लिमथचेच राहा, कारण तुमच्या नावावर प्लिमथ खपते, असा त्या नकाराचा मथितार्थ. दुकानदाराच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध होते. पण ज्याच्या नावावर माल खपतो त्यालाच तो माल अपुरा पडत असेल, तर त्याने करावे काय? ज्या माणसाने दहा वर्षे प्लिमथला विजय मिळवून दिले, त्याला मागल्या दाराच्या शेजाऱ्याकडे जाण्याची मुभा दिली असती तर तो रस्त्यापलीकडच्या वैऱ्याकडे गेला नसता. क्रायस्लरच्या अधिकाऱ्यांचा हा निर्णय, सौम्य शब्दांत सांगायचे तर, अदूरदर्शी होता.

बाहेरून पाहणाऱ्यास गाडी बदलणे म्हणजे रंग आणि नाव बदलणे वाटते. लेव्हल क्रॉसच्या कर्मशाळेत त्याचा अर्थ निराळा होता. रिचर्डचा भाऊ मॉरिस इंजिने बांधीत असे आणि चुलतभाऊ डेल इनमन सर्व पथकाची व्यवस्था पाही. घरच्याच अंगणात उभी राहिलेली ही कर्मशाळा. तिच्यातले सारे ज्ञान क्रायस्लरच्या गाड्यांवर पोसलेले. क्रायस्लरच्या पुढच्या चाकांना पीळ बसणाऱ्या पोलादी दांड्यांचा आधार असे, तर फोर्डला गुंडाळीच्या स्प्रिंगांचा. कोणत्या मार्गावर कोणत्या चाकावर किती भार टाकावा, याची वर्षानुवर्षांची टिपणे एका रात्रीत निरुपयोगी झाली. सुटे भाग निराळे, इंजिनाचा स्वभाव निराळा. मॉरिसच्या हातांना हेमीची नस ठाऊक होती; फोर्डच्या इंजिनाशी त्यांना नव्याने परिचय करून घ्यावा लागला. शिवाय फोर्डच्या पदरी शार्लटची होल्मन-मूडी ही जुनी जाणती कर्मशाळा आधीच होती. पेटींच्या वाट्यास तेथे थोरल्या सुनेचा मान नव्हता.

तरीही १ फेब्रुवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे फोर्डमधील पहिल्याच शर्यतीत रिचर्डने बाजी मारली. ऑगस्टमध्ये विन्स्टन-सेलम येथे त्याने कारकिर्दीतला शंभरावा विजय मिळविला, तोही फोर्डमधूनच. वर्षअखेर तो गुणांत दुसरा आला. पहिला पुन्हा पिअर्सन. अपयश म्हणावे असे हे वर्ष नव्हते, पण ज्यासाठी फारकत घेतली तो मोठ्या मार्गांवरचा दिग्विजय काही हाती आला नाही. फोर्डच्या इतर चालकांनीच ते पीक कापले.

इकडे क्रायस्लरला आपली चूक उमगली होती. डॉजने लांब टोकदार नाक आणि पाठीवर उंच पंख असलेली ‘डेटोना’ गाडी काढली, आणि प्लिमथने त्याच धर्तीवर ‘सुपरबर्ड’. ही दुसरी गाडी निघण्यामागे रिचर्डला परत आणणे हा एक प्रमुख हेतू होता. एका माणसाला घरी बोलावण्यासाठी कारखान्याने गाडीचा नवा नमुनाच घडवावा, हे या व्यवसायातले दुर्मिळ उदाहरण. नियम असा की शर्यतीत धावणारी गाडी बाजारातही विकली पाहिजे. म्हणून कंपनीला १,९०० हून अधिक सुपरबर्ड बांधाव्या लागल्या. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना ते चमत्कारिक नाक आणि कपडे वाळत घालण्याच्या दांडीसारखा तो पंख पसंत पडेना. काही विक्रेत्यांनी नाक-पंख काढून साध्या गाड्या म्हणून त्या खपविल्या. आज त्याच गाड्यांना संग्राहक अवाच्या सवा किंमत देतात, हा दैवदुर्विलास.

१९७० साली रिचर्ड प्लिमथकडे परतला. त्या वर्षी त्याने १८ शर्यती जिंकल्या आणि त्याच्याच पथकातील पीट हॅमिल्टनने दुसऱ्या सुपरबर्डमधून डेटोना जिंकून दाखविले. पण १९७१ मध्ये नॅस्कारने पंखवाल्या गाड्यांवर लहान इंजिनाची अट घातली आणि हा प्रयोग संपला. फोर्डने १९७० च्या अखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतलेच होते.

पुढे पेटी घराण्याने १९७२ पासून डॉज गाडी पत्करली आणि तिने त्यांना १९७४ व १९७५ ची अजिंक्यपदे दिली. मात्र १९७८ ची डॉज ‘मॅग्नम’ हवेपुढे हतबल ठरली. त्या संपूर्ण वर्षात राजाला एकही विजय मिळाला नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये त्याने क्रायस्लरशी असलेला संबंध पुन्हा तोडला आणि जनरल मोटर्सची शेव्हरोले घेतली. यावेळी कोणी मनधरणी केली नाही, कारण क्रायस्लर कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्या हिवाळ्यात व्रणामुळे रिचर्डच्या जठराचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी १८ फेब्रुवारी १९७९ रोजी तो डेटोना येथे ओल्ड्समोबिलमध्ये बसला. अखेरच्या फेरीत आघाडीचे दोघे, डॉनी ॲलिसन व केल यारबरो, एकमेकांवर आदळून बाहेर फेकले गेले आणि मागून आलेल्या रिचर्डने शर्यत जिंकली. बापाने वीस वर्षांपूर्वी हीच शर्यत ओल्ड्समोबिलमधूनच जिंकली होती. गंमत अशी की त्याच आठवड्यात रिचर्डचा अठरा वर्षांचा मुलगा काइल याने आयुष्यातली पहिली शर्यत त्याच मार्गावर जिंकली, आणि तीही बापाने टाकून दिलेल्या डॉज मॅग्नममधून! १९७९ चे अजिंक्यपद रिचर्डचे सातवे आणि अखेरचे. दोनशेवा विजय त्याला ४ जुलै १९८४ रोजी मिळाला. तेव्हा गाडी पाँटिॲक होती.

रिचर्डने १९९२ मध्ये निवृत्ती घेतली. २००१ साली डॉज शर्यतींत परतली तेव्हा पेटी पथक तिच्यासोबत होते. २००९ च्या आरंभी आर्थिक ओढीपायी कुटुंबाचे जुने पथक दुसऱ्या एका पथकात विलीन झाले. त्या नव्या संस्थेने २०१० मध्ये फोर्ड आणि २०१८ मध्ये शेव्हरोले घेतली. ज्या गाड्यांवरून एके काळी भावाभावांत वाद झाले असतील त्यांची नावे अशी पाठोपाठ येऊन गेली. २०२२ पासून तर सर्व पथकांना गाडीचा सांगाडा एकाच पुरवठादाराकडून घ्यावा लागतो. कारखान्याचे म्हणून उरते ते इंजिन, बाह्य कवच आणि संगणकावरील तपशील. तरीही पथकाने कारखाना बदलला की अभियंत्यांची सारी जोडणी नव्याने करावी लागते, हे १९६९ इतकेच आजही खरे आहे.

२०२३ साली या संस्थेने ‘लेगसी मोटर क्लब’ हे नाव धारण केले. २०२४ च्या हंगामापासून तिच्या ४३ क्रमांकाच्या गाडीवर जपानच्या टोयोटा कंपनीचे नाव आहे.