जीवदया आणि औषधाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



गेली पन्नास वर्षे आपल्या संस्थेने जीवदयेचे व्रत निष्ठेने सांभाळले आहे. त्याच कार्यात माझ्या हातून घडलेली एक चूक आज या मंगल प्रसंगी आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा घेतो.

२०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ पसरली, जनावरांचे बाजार बंद झाले. आपल्या गोशाळेतील एका गाईला ताप भरला, अंगावर गाठी उठल्या. पशुवैद्यक म्हणाले, "शेठजी, हा विषाणूचा आजार आहे. प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. ताप उतरवू, अंग स्वच्छ ठेवू. जखम चिघळली, तर त्याचा विचार करू." मला धीर नव्हता. "भारी इंजेक्शन द्या, खर्चाची चिंता करू नका," असा आग्रह मी धरला. त्यांनी इंजेक्शन दिले. गाय बरी झाली आणि श्रेय मी त्या इंजेक्शनला दिले.

पुढे एकदा मी त्यांना विचारले, "त्या दिवशी आपण माझे का ऐकलेत?" ते शांतपणे म्हणाले, "मी नाही म्हटले असते, तर आपण दुसऱ्याला बोलावले असते."

हे उत्तर मला आजही टोचते. मी कापडाचा व्यापारी. ग्राहक मागेल तो तागा उलगडून दाखवणे हा माझा धर्म. परंतु वैद्याला मी त्याच गादीवर बसवले, ही माझी चूक.

पशुवैद्यकाच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. एकाच माणसाकडे अनेक गावे असतात. कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या जिवाणू-तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, आणि ज्याचे घर एका म्हशीच्या दुधावर चालते तो शेतकरी तेवढे थांबू शकत नाही. उद्या पुन्हा येणे जमेल याची खात्री नसते. जनावर दगावले तर दोष वैद्याच्या माथी. अशा वेळी मनात शंका असूनही हात प्रतिजैविकाच्या बाटलीकडे जातो.

पण अनावश्यक किंवा अपुऱ्या मात्रेतील औषधाला जे जिवाणू पुरून उरतात, तेच पुढे वाढतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच इशारा दिला होता. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध अन्नोत्पादक जनावरांना देण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी केली, ती याच भयाने. म्हणजे आज गोठ्यात वाया घालवलेले औषध उद्या आपल्या नातवाच्या न्यूमोनियात निकामी ठरू शकते.

आपल्या धर्माने दोष तीन प्रकारे सांगितला आहे : स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला आणि अनुमोदिलेला. इंजेक्शन वैद्याने दिले. करविले मी, आणि अनुमोदन आपल्या समितीने बिल मंजूर करून दिले. म्हणून चिठ्ठीवर सही एकाची असली, तरी निर्णय अनेकांचा असतो.

यापुढे आपण एवढे करावे. औषधाचे नाव आपण सुचवू नये. वैद्याने सांगितलेली मात्रा अर्धवट सोडू नये आणि उरलेली बाटली दुसऱ्या जनावराला टोचू नये. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध सांगितलेली मुदत संपेपर्यंत कोणास देऊ नये. लसीकरण वेळेवर करावे, आजारी जनावर वेगळे बांधावे. कासदाह, ज्याला शेतकरी दगडी म्हणतात, तो बहुधा ओल्या, घाण गोठ्यातून येतो. तेव्हा औषधाआधी झाडू हाती घ्यावा. आणि तपासणीचा खर्च संस्थेने आनंदाने सोसावा. "थांबून पाहू" असे म्हणणाऱ्या वैद्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो, तर त्यांना ते म्हणण्याचे बळ येईल.

करुणेला विवेकाची जोड मिळाली तरच ती अहिंसा होते. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.