पातळ पत्र्याचे वेल्डिंग : धार ओढू नका, टाके घाला



वापसा आलेला असतो, बियाणे भिजवलेले असते, आणि नेमकी तेव्हाच पेरणी यंत्राची पत्र्याची पेटी सांध्यात उकलते. दुकानात न्यावी तर तिथे आधीच चार जणांची रांग. दिवस फुकट जातो आणि ओल उडते. म्हणून पुष्कळ शेतकरी आता लहान इन्व्हर्टर मशिन घरीच घेतात. पण नवख्या हाताने पत्रा जोडायला जावे तर सांधा होण्याऐवजी त्याची चाळण होते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आज पाहू.

आपल्या भागात हे काम शिकणे अवघड नाही. पवनेकाठचे पिंपळे गुरव पूर्वी शेतीचेच गाव होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि कारखान्यांबरोबर वेल्डिंगचा हुन्नर या गावांत शिरला. पिंपळे गुरव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. मावळ, मुळशी, खेडकडची कितीतरी मुले या पट्ट्यात फॅब्रिकेशनचे काम करतात. तुमच्या घरचा कोणी असेल, तर तो सुट्टीवर आला की त्याच्या शेजारी बसून हात बघा. रीतसर शिकायचे तर औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संधाता, म्हणजे वेल्डर, हा अभ्यासक्रम आहे.

आता मुख्य गोष्ट. जाड अँगल उष्णता पिऊन घेतो. पातळ पत्र्याला ती सोसत नाही. तव्यावर भाकरी एकाच जागी ठेवली की करपते, तसेच हे. म्हणून उष्णता कमी द्यायची आणि थांबून थांबून द्यायची.

दीड मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला २ किंवा फार तर २.५ मिलिमीटरचा रॉड घ्या. पुडक्यावर ६०१३ हा आकडा बघून घ्या. २ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ४० ते ६० आणि २.५ च्या रॉडला ६० ते ९० अँपिअर करंट लागतो. पत्रा पातळ असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. इन्व्हर्टर मशिनवर होल्डर उणे खुणेला लावा, म्हणजे पत्र्यात उष्णता कमी जाते. रॉड दमट नको. एक मिलिमीटरच्या आतला पत्रा मात्र नवख्याने रॉडने जोडायला जाऊ नये. त्याला रिव्हेट बरे.

आधी गंज, रंग, ग्रीस खरवडून पत्रा चकचकीत करा. दोन कडा समोरासमोर भिडवण्यापेक्षा एक पत्रा दुसऱ्यावर बोटभर चढवा आणि शिकंज्याने घट्ट आवळा. मध्ये फट राहिली की भोक पडलेच समजा. सांध्याच्या मागे तांब्याची पट्टी लावता आली तर उत्तम. ती उष्णता ओढून घेते.

काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढून ठिणगी पाडा. मग रॉडचे टोक पत्र्याजवळ, रॉडच्या जाडीइतक्याच अंतरावर धरा आणि हात चालता ठेवा. रॉड चिकटला तर मनगट वळवून सोडवा. तरी सुटला नाही तर होल्डरची पकड उघडा. पत्रा अँगलला जोडायचा असेल तर ठिणगी अँगलवर धरा आणि पत्र्याला नुसती शिवू द्या.

गोधडीला आधी कच्चे टाके घालतात, तसे दर दोन इंचांवर एक टाका घाला. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग मधला. सगळे टाके पडले की एकेक इंचाचे तुकडे जोडा. प्रत्येक तुकड्यानंतर पत्रा निवू द्या, स्लॅग झाडा, मगच पुढे जा. एका दमात धार ओढली की पत्रा वाकतो किंवा जळतो. हे सारे आधी तितक्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर करून बघा. तिथे सलग दहा टाके भोक न पडता जमले, की मग पेटीला हात लावा.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. काळ्या काचेच्या ढालीवाचून ठिणगीकडे क्षणभरही बघू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. पोरेबाळे बघत उभी राहतात, त्यांना दूर करा. स्लॅग झाडताना साधा चष्मा लावा. सुती कपडे आणि बंद बूट घाला. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नका आणि तारेवर आकडा टाकून मशिन चालवू नका. कडबा, भुसा, पाचट दूर सारा, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथे लक्ष ठेवा. जस्ताच्या पत्र्याचा पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो. सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढा. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर काम असेल तर बॅटरीच्या तारा सोडा. आणि डिझेलचा किंवा औषधाचा डबा, तो रिकामा असला, धुतलेला असला, तरी कधीही वेल्ड करू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

ट्रॉलीचा हूक, जू आणि ब्रेकचे भाग हेही घरी जोडायचे नाहीत. ते जाणत्या कारागिराकडेच न्या. तिथला कच्चा सांधा भर रस्त्यात तुटतो.

पेटी, फवारणी पंपाचा स्टँड, पंपघराचे दार, एवढी कामे तुमच्या हाताला नक्की येतील. उन्हाळ्यात अवजारे पडून असतात. तेव्हाच हात बसवून घ्या, म्हणजे मृगात अडचण येणार नाही.

राम राम.