मुलांचा एक झाकला जाणारा विकार
(सोनपेठ येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



व्यासपीठावरून सहसा ज्याचा उच्चार होत नाही, असा विषय आज आम्ही घेतला आहे. जाणत्या वयाच्या मुलास कपड्यांतच शौच होते; आईबाप ते चारचौघांपासून झाकतात आणि मूल मार खाते. आम्ही हे परक्यांविषयी बोलत नाही. आमच्याच घरातील सात वर्षांच्या मुलास आम्ही कित्येक महिने 'आळशी' म्हणून बोल लावला. पुढे वैद्यकीय तपासणीअंती कळले की, दोष मुलाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

चार वर्षांचे वय उलटल्यावरही असे वारंवार घडत असेल, तर तो विकार समजावा. बहुतेक मुलांत त्याचे मूळ जुन्या मलावरोधात असते. खडा झालेला मल पडताना एकदा वेदना झाल्या की मूल भिऊन वेग आवरते. शाळेचे शौचकूप घाण असले, तेथे पाणी वा दारास कडी नसली, तरीही मुले, विशेषतः मुली, वेग दाबून धरतात. साचलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते, मल अधिकच कठीण होतो, आणि ताणलेल्या गुदाशयाची संवेदना बोथट होते. मोरीचे तोंड बुजले असता पाणी कडेने पाझरते, त्याप्रमाणे पातळ मल त्या गोळ्याच्या कडेने झिरपतो. मुलास त्याची जाणीवही नसते. घरच्यांस मात्र ते जुलाब वाटतात. ते जुलाब थांबविण्याचे औषध देतात आणि विकार बळावतो.

उपाय अवघड नाही. धीर मात्र हवा. प्रथम डॉक्टरांच्या सल्ल्याने साचलेला मल काढावा लागतो. त्यानंतर मल मऊ ठेवणारे लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकोल यांसारखे औषध कित्येक महिने चालते. चार दिवस बरे वाटले म्हणून ते सोडू नये; ताणलेला गुदाशय हळूहळूच पूर्ववत होतो. जेवणानंतर आतड्यास स्वाभाविक चालना मिळते. म्हणून त्या वेळी मुलास रोज पाच-दहा मिनिटे शौचास बसवावे. खुर्चीचे शौचपात्र असल्यास पायांखाली पाट द्यावा. बिस्किटे आणि चहा यांऐवजी आपली ज्वारीची भाकरी, मेथी, पेरू, पपई व भरपूर पाणी द्यावे. साबणाची कांडी घालणे किंवा बळेच एरंडेल पाजणे यांनी मुलाची भीतीच वाढते.

जन्मापासून मलावरोध असणे, पोट फुगून हिरव्या उलट्या होणे, वाढ खुंटणे, पायांत अशक्तता येणे, अशी लक्षणे असल्यास विलंब नको. कोपनहेगनचे बालवैद्य हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली वर्णिलेल्या विकारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तेथे शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा मुलास परभणीच्या किंवा अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात दाखवावे.

बंधुभगिनींनो, शिक्षा झालेले मूल कपडे लपविते, शाळा चुकविते, आणि भीतीने वेग अधिकच दाबते. म्हणून प्रत्येक माउलीस आमची विनंती आहे की, मळलेला कपडा दिसताच हात उगारू नये. मुलास जवळ घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. आणि आपल्यापैकी जे शाळांच्या कारभारात आहेत, त्यांनी तेथील शौचकुपाची कडी आणि पाणी एकवार स्वतः पाहावे. आपल्या ज्ञातीतील एकही मूल या कारणाने मान खाली घालून वाढू नये, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.